अटलचे नव्वद दिवस संपल्यावर

तुझ्या खात्यात अटल योजनेचा शेवटचा पैसा जमा झाला आणि आता सगळं संपलं, असं तू धरून बसली आहेस. तसं धरू नकोस. निदान मी सांगते ते शांतपणे ऐकून घेईपर्यंत तरी नको. पनवेलजवळच्या नेऱ्यातून रोज सकाळी तळोज्याच्या कंपन्यांत, रसायनी-पाताळगंगेकडे जाणाऱ्या कितीतरी बायकांना ‘अटल’ हे एकच नाव ठाऊक असतं. तीन महिने थोडेफार पैसे मिळाले, आता दुसरं काम बघा, असं म्हणून त्या फाईल कपाटात टाकतात. त्याच फाईलीतल्या एखाद्या कागदावर पुढच्या चोवीस महिन्यांचा हक्क अवलंबून असू शकतो, हे त्यांना कुणी सांगत नाही. मी बरीच वर्षं कंपनीच्या टाइम ऑफिसात हजेरीपट आणि ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, चलनं सांभाळली, म्हणून मला हे कागद वाचता येतात. तुलाही वाचता यावेत एवढ्यासाठी हे बोलणं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. अटलची मुदत वाढवून मिळत नाही. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 1 जुलै 2018 ला सुरू झाली, ती आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी. सुरुवातीला तिच्यात सरासरी रोजाचा चौथा हिस्सा मिळायचा. कोविडात, 24 मार्च 2020 पासून, तो निम्मा केला आणि मग ही वाढ दर खेपेला मुदत घालून पुढे नेत राहिले. म्हणजे वाढ झाली ती रकमेची, दिवसांची नाही. त्यामुळे ‘अटलला एक्स्टेन्शन मिळवून देतो’ असं कुणी चौकात म्हणाला, तर त्याच्याशी पुढे बोलूच नकोस.

पण ईएसआयमध्ये दुसरी योजना आहे, आणि ती अटलच्या आधीची आहे. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, 1 एप्रिल 2005 पासूनची. तिच्यात आधी सहा महिने भत्ता होता, मग बारा झाला, आणि 2016 पासून चोवीस महिने. पहिले बारा महिने सरासरी रोजाच्या निम्मा, पुढचे बारा महिने चौथा हिस्सा. तेवढा काळ तुझा आणि घरच्यांचा औषधोपचारही चालू राहतो. चोवीस महिने सलग घ्यावे लागतात असंही नाही. मध्ये काम मिळालं, पुन्हा सुटलं, तर तुकड्यातुकड्याने घेता येतात, फक्त एक तुकडा महिन्याहून लहान नको. दोन्ही योजनांचे पैसे एकाच दिवसांसाठी मिळत नाहीत, पण तुझे अटलचे दिवस आता मागे पडले आहेत. म्हणून आज तुझ्यापुढे प्रश्न एवढाच आहे की राजीव गांधी योजनेच्या दारातून तुला आत घेतील का.

ते दार तीनच कारणांनी उघडतं. कारखाना किंवा आस्थापना बंद झाली, कामगारकपातीत तुला कमी केलं, किंवा कामाबाहेरच्या अपघाताने अथवा आजाराने निदान 40 टक्के कायमचं अपंगत्व आलं. त्याआधी किमान दोन वर्षं ईएसआयची वर्गणी भरलेली हवी. बस्स. तू किती चांगलं काम केलंस, सुपरवायझरशी तुझं कसं होतं, घरी किती अडचण आहे, यातलं काहीही तिथे विचारत नाहीत. विचारतात ते इतकंच, की नोकरी का सुटली आणि तसं कागदावर कुठे लिहिलंय.

म्हणून तुझं ते सेवा समाप्तीचं पत्र बाहेर काढ. त्यावर नेमके शब्द काय आहेत ते मला वाचून दाखव. ‘कामगारकपात’ किंवा ‘कारखाना बंद केल्यामुळे सेवा समाप्त’ असं असेल तर तुझी बाजू मजबूत आहे. ‘ठरलेल्या कराराची मुदत संपली’ असं असेल तर जरा कठीण, कारण करार संपून नूतनीकरण न होणं याला कायदा कामगारकपात धरत नाही. ‘स्वखुशीने राजीनामा’ असेल तर राजीव गांधी योजना जवळपास हातातून गेली. स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तरीही तसंच. आणि अटलच्या बाबतीतही गैरवर्तनाची शिक्षा, निवृत्तीचं वय आणि स्वेच्छानिवृत्ती ही तीन कारणं चालत नाहीत.

आता तुला कळलं असेल, कंपन्या राजीनामाच का मागतात. कपात म्हटली की एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि भरलेल्या दर वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई द्यावी लागते. मोठ्या कारखान्याला तर सरकारची परवानगीही लागते. राजीनामा घेतला की यातलं काहीच नाही. मग गेटवर सांगतात, ‘आज सही करा, हिशेब लगेच मिळेल, नाहीतर महिनाभर खेटे घाला.’ बाई घाबरते, घरी मुलांची फी भरायची असते, ती सही करते. तिला वाटतं आपण पंधरा हजार लवकर मिळवले. खरं तर त्या सहीने ती दोन वर्षांचा भत्ता, दवाखाना आणि कपातीची भरपाई लिहून देते. माझ्या डोळ्यांसमोर अशा सह्या झालेल्या आहेत, आणि मला याचा अजून राग येतो. हिशेब लवकर देणं ही काही कंपनीची मेहेरबानी नव्हे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत, आणि वेतन संहितेप्रमाणे कामावरून कमी केल्यावर, अगदी राजीनामा दिला तरी, दोन कामाच्या दिवसांत सगळं वेतन चुकतं करायचं असतं.

तुझ्याबरोबर सुटलेल्या त्या दोघींनी अजून सही केली नसेल, तर त्यांना आज संध्याकाळीच सांग. सहीच करायची वेळ आली तर त्या कागदावर स्वतःच्या हाताने ‘कंपनीने कामावरून कमी केले, मी राजीनामा देत नाही’ असं लिहावं आणि कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. आणि ज्यांच्याकडून कोऱ्या किंवा न वाचता दिलेल्या कागदावर सही घेतली गेली, त्यांनी गप्प बसू नये. घडलेलं सगळं साध्या मराठीत लिहून कंपनीला स्पीड पोस्टने पाठवावं आणि एक प्रत पनवेलच्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात देऊन पोच घ्यावी. त्याने सगळं फिरेल असं वचन मी देत नाही. पण ‘हिने त्याच आठवड्यात हरकत घेतली होती’ हा पुरावा पुढे फार कामाला येतो. सहा महिन्यांनी सुचलेली हरकत कुणी मानत नाही.

रसायनीची एचओसी, हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. मे 2017 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथले प्रकल्प बंद करायचा निर्णय घेतला आणि कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग ठेवला. मोठ्या सरकारी कंपनीत त्या मार्गाने बरी रक्कम हातात पडू शकते, म्हणून तो ठीक असेल. पण पॅकिंगच्या लायनीवर पंधरा-अठरा हजारांवर राबणाऱ्या बाईपुढे तोच ‘स्वेच्छा’ शब्द ठेवला, तर तिच्या हातात काही उरत नाही. मोठ्यांच्या कागदाची नक्कल करून लहानांकडून सह्या घेतल्या जातात, तेव्हा सावध राहायचं ते इथे.

तुझ्या बाबतीत मला जास्त काळजी आहे ती ठेकेदाराची. तू एकाच कंपनीच्या एकाच गेटमधून आत गेलीस, पण मध्ये ठेकेदार बदलले. दर नव्या ठेकेदाराने तुझा जुना विमा क्रमांक विचारण्याचे कष्ट घेतले असतील का? बऱ्याचदा ते नवाच आयपी नंबर काढतात. मग कागदावर तू एक बाई राहत नाहीस. एका नंबरावर चौदा महिने, दुसऱ्यावर नऊ महिने, तिसऱ्यावर आणखी काही, आणि दोन वर्षांची अट कुठल्याच नंबरावर पुरी होत नाही. ही अडचण हल्ली फार दिसते आणि ती बायकांच्या वाट्याला जास्त येते, कारण बाळंतपण, सासूचं आजारपण, शेतीची कामं यांमुळे त्यांच्या कामात खंड पडतो आणि प्रत्येक खंडानंतर नव्याने नाव चढतं.

ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन सगळे नंबर एकत्र जोडून मागायचे. त्यासाठी लेखी अर्ज, प्रत्येक नंबरचं ई-पहचान कार्ड मिळालं असेल तर ते, नसेल तर ज्या ज्या महिन्याची पगाराची स्लिप किंवा बँकेत जमा झालेला पगार दिसतो त्याच्या प्रती, आणि आधार. पीएफचंही तसंच. यूएएन एकच असायला हवा, दोन असतील तर जुन्यातून नव्यात बदली करून घे. आणि ठेकेदाराने पगारातून ईएसआय कापला पण भरलाच नाही, असं उघड झालं तर कंपनीचा माणूस म्हणेल, ‘आमचा काय संबंध, ठेकेदाराला विचारा.’ त्याला सांग, ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकावर असते, हे 1948 च्या ईएसआय कायद्यातच लिहिलेलं होतं. मालकाने ती भरायची आणि ठेकेदाराकडून वसूल करायची. कापलेली वर्गणी न भरणं हा गुन्हा आहे. हे वाक्य शांत आवाजात म्हटलं तरी चालतं, पण म्हटलं पाहिजे.

मग नावाचं प्रकरण. तुझं आधार लग्नानंतरच्या नावाचं, पहिला विमा क्रमांक माहेरच्या नावाचा, बँकेत मधलं नाव नवऱ्याचं आणि पीएफमध्ये वडिलांचं. आपल्याकडे पुरुषाचं नाव जन्मापासून मरेपर्यंत एकच राहतं, म्हणून हा त्रास त्याला समजतच नाही. संगणकाला मात्र या चार वेगळ्या बायका दिसतात आणि तो पैसे अडवतो. त्यामुळे भत्त्याच्या अर्जाआधी नावं जुळवून घे. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद यांपैकी जे असेल ते लागतं. पीएफमध्ये नावाच्या दुरुस्तीला संयुक्त घोषणापत्र असतं, आणि आधारशी जुळलेल्या यूएएनला ते आता बऱ्याच बाबतीत घरबसल्या भरता येतं. हे काम कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे. पण अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच.

पैशाचा अंदाज घ्यायचा तर अटलचा हिशेब असा होता. अठरा हजार पगार दोन वर्षं मिळाला, तर एकूण 4,32,000. तो 730 दिवसांनी भागला की रोज साधारण 592. त्याच्या निम्मे 296, आणि नव्वद दिवसांचे साधारण 26,600. तुला यापेक्षा बरेच कमी मिळाले असतील तर त्या दोन वर्षांतले काही महिने कोऱ्या हजेरीने गेले आहेत, म्हणजे वर कुठेतरी वर्गणी भरलेली नाही. ते आत्ताच शोध, कारण राजीव गांधी योजनेचा हिशेबही त्याच नोंदींवर होणार. आणि कुणी ‘सरकारचे फुकटचे पैसे’ म्हणालं तर लक्षात ठेव, अठरा हजारांवर तुझ्या पगारातून दरमहा 135 रुपये कापले जात होते आणि मालक 585 भरत होता. हा विमा आहे. तू वर्गणीदार आहेस.

ही तरतूद आपल्या आधीच्या माणसांना नव्हती, हे मला नेहमी आठवतं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. पुढे गिरण्या एकेक करत बंद पडल्या आणि कोकणातली कितीतरी घरं गावाकडे परतली. त्यांच्या ईएसआयच्या कार्डावर दवाखाना होता, पण काम गेल्यावर हातात द्यायला भत्ता नव्हता. तो यायला 2005 उजाडावं लागलं. त्याआधी आपल्याच महाराष्ट्राने ग्रामीण मजुरांसाठी एक मोठी गोष्ट केली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी, तासगावात 1965 ला प्रयोग म्हणून सुरू झालेली, 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली आणि 1977 च्या कायद्याने हक्क बनलेली. काम मागितलं आणि सरकारने दिलं नाही, तर बेकारी भत्ता द्यायचा, हे तिच्यात लिहिलेलं होतं. काम गेलेल्या माणसाला मागण्याचा हक्क आहे, हे या मातीत परकं नाही गं.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये कुणाची नोकरी गेली की ‘तिकडे किती छान, वर्षभर पैसे’ असं आपण म्हणतो. तिथेही नेहमीचा भत्ता साधारण 26 आठवड्यांचा. त्यापुढची वाढ राज्यातलं बेकारीचं प्रमाण ठरावीक रेषेवर गेलं तरच, तेरा किंवा फार तर वीस आठवड्यांची, आणि प्रमाण उतरलं की ती बंद. कोविडातली खास वाढ सप्टेंबर 2021 च्या सुरुवातीला संपली. तिथली वाढ माणसाच्या गरजेवर नाही, आकड्यावर ठरते. आपल्याकडे ती नोकरी सुटण्याच्या कारणावर ठरते. म्हणून मी त्या एका कागदामागे इतकी लागले आहे.

समज, कागद तुझ्या बाजूचा निघाला नाही. तरी हात रिकामे नाहीत. तुझी सात वर्षं आठ महिने भरलीत, म्हणजे ग्रॅच्युइटी आहे. राजीनामा दिला असला तरी आहे, कारण तिला पाच वर्षांची सेवा पुरते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 धरले, तर त्याला पंधराने गुणून सव्वीसने भागायचं, एका वर्षाचे 7,500 होतात. सहा महिन्यांहून जास्त अर्धवट वर्ष पूर्ण धरतात, म्हणून आठ वर्षांचे 60,000. कंपनीकडे लेखी अर्ज कर आणि पोच ठेव. पैसे तीस दिवसांत आले नाहीत तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात दाद मागता येते, आणि उशिराचं व्याजही मिळतं. ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना तर नव्या संहितेत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे, हे तुझ्या भाचीला सांग. खरोखरची कपात असेल तर औद्योगिक संबंध संहितेत आणखी एक तरतूद आहे. मालकाने प्रत्येक कपात झालेल्या कामगारामागे पंधरा दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीत टाकायचं आणि ते 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात यायचं. हेही विचार. न विचारलेलं आपोआप मिळत नाही.

पीएफचा विषय आला की तू घाई करणार, म्हणून आधीच अडवते. सगळा पैसा काढून टाकू नकोस. 13 ऑक्टोबर 2025 च्या बैठकीत पीएफच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी गेल्यावर 75 टक्के लगेच काढता यावेत, उरलेले 25 टक्के बारा महिन्यांनी, आणि पेन्शनमधले पैसे 36 महिन्यांनी. आधी हे एक महिना आणि दोन महिन्यांवर होतं. अर्ज भरशील त्या दिवशी चालू असलेला नियम बघून भर. पण माझं सांगणं नियमाचं नाही. तुला पेन्शनच्या दहा वर्षांना आता सव्वादोन वर्षांच्या आसपासच कमी पडतात. पेन्शनचा हिस्सा आज काढलास तर हातात लहानशी रक्कम येईल आणि ही सगळी वर्षं पुसली जातील. त्याऐवजी योजना प्रमाणपत्र घे. पुढे कुठेही काम लागलं, अगदी तीन वर्षांनी लागलं तरी, तिथली सेवा यात मिळवता येते, आणि दहा वर्षं भरली की 58 व्या वर्षापासून पेन्शन. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या स्वतःच्या नावावर दरमहा काही येणं म्हणजे काय, ते तुझ्या आईला विचार. तिच्या हातात कधी स्वतःचे पैसे आले नाहीत. घर चालवायला पीएफमधून काढायचंच असेल तर लागेल तेवढंच काढ. सेवा पाच वर्षांच्या वर असल्याने त्यावर कर कापला जाणार नाही, पण त्यासाठी जुन्या ठेकेदारांची खाती या एकाच यूएएनमध्ये आणलेली हवीत. पुन्हा त्याच कामावर आलो बघ.

दवाखान्याचं सांगते. राजीव गांधी योजना लागू झाली तर ईएसआयचा दवाखाना चालू राहील. नाही झाली तर तो थांबेल, आणि सासऱ्यांच्या डायलिसिससारखं काही चालू असेल तर ते अंगावर येईल. म्हणून महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आत्ताच कर. ती आता महाराष्ट्रातल्या सगळ्या रेशनकार्डांना खुली आहे आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं आहेत का ते बघ. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर अडकून पडल्याची उदाहरणं दर आळीत सापडतात. लाडक्या बहिणीचे दीड हजार मिळत असतील तर मिळू देत, पण तो हिशेब वेगळा. त्याच्या भरवशावर हे अर्ज टाळू नकोस.

आता जरा घरातलं बोलू. तू भावजींना अजून सांगितलेलं नाहीस की अटल संपलं. सांग. बचत गटाचा हप्ता चुकण्याआधी गटाच्या अध्यक्षीणबाईंना सांग, चुकल्यानंतर नको. आधी सांगितलं तर बैठकीत हप्ता पुढे ढकलता येतो, नंतर सांगितलं तर शेजारणी दाराशी येतात आणि त्याचा घाव पैशापेक्षा मोठा असतो. खाजगी कंपनीचं गटकर्ज फेडायला दुसरं गटकर्ज घेऊ नकोस, हे मात्र हात जोडून सांगते. आपल्या भागात विमानतळाभोवतीच्या नैना प्रकल्पामुळे जमिनींचे भाव चढले, इमारती उभ्या राहिल्या, आणि बाहेरच्याला वाटतं इथे प्रत्येकाकडे पैसा आहे. ज्यांची जमीन आधीच्या पिढीत गेली किंवा कधी नव्हतीच, त्या घरांतल्या बायकाच कंपनीच्या बसची वाट बघत उभ्या असतात. काम गेलं म्हणून तू कुणाला तोंड चुकवायचं कारण नाही. तळोज्यातली ऑर्डर कमी झाली, त्यात तुझा काही दोष नव्हता.

एजंट येईल. पनवेलला सायबर कॅफेच्या बाहेर असतोच. ‘मंजुरी काढून देतो, वीस टक्के द्या.’ यातल्या एकाही अर्जाला फी नाही. पोर्टलवर भरून घ्यायला कॅफेवाल्याला टायपिंगचे पैसे दे, पण आधारचा ओटीपी स्वतः टाक, त्याला सांगू नकोस, आणि मोबाईल नंबर तुझाच दे. कितीतरी बायकांच्या खात्याला ठेकेदाराच्या मुकादमाचा नंबर जोडलेला असतो. तो आधी बदल. शंका असेल तर ईएसआयचा फुकट फोन 1800-11-2526 आहे. पीएफवाले दर महिन्याच्या 27 तारखेच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यात ‘निधी आपके निकट’ म्हणून शिबिर घेतात, तिथे अधिकारी समोर बसतात. वाशीला जाऊन परत येण्यापेक्षा ते बरं पडतं.

शाखा कार्यालय कुठलं, ते तुझ्या ई-पहचान कार्डावरच छापलेलं आहे. तिथे गेल्यावर ‘बेकारी भत्ता हवा’ एवढंच म्हणू नकोस, समोरचा अटलच समजेल आणि ‘तुमचं झालंय’ म्हणून परत पाठवेल. पूर्ण नाव घे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, आणि अटलचा लाभ कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत घेतला ते स्वतःहून सांग. लपवण्यासारखं त्यात काही नाही. अटलसाठी मालकाची सही लागली नव्हती, इथे मात्र नोकरी कपातीत किंवा कारखाना बंद झाल्याने गेली याला मालकाचा दाखला लागतो. तो देत नसेल तर कार्यालयाला तसं लेखी कळव आणि गेटवरची नोटीस, वर्तमानपत्रातली बातमी, कामगार कार्यालयातला पत्रव्यवहार, जे असेल ते जोड. खिडकीवरचा बाबू तोंडी ‘होणार नाही’ म्हणाला तर वाद घालू नकोस. अर्ज आत दे आणि नकार लेखी माग. लेखी नकारावर वर जाता येतं, तोंडी नकारावर फक्त घरी येता येतं. आणि उशीर करू नकोस. जितके आठवडे जातील तितके ‘एवढे दिवस काय करत होतात’ हा प्रश्न वाढत जातो.

सोमवारी सकाळच्या गाडीने निघ. मंगळवारी नको, सोमवारीच. आधार, ई-पहचान कार्ड, सगळे जुने विमा क्रमांक एका कागदावर, सेवा समाप्तीचं पत्र, मागच्या दोन वर्षांच्या जेवढ्या मिळतील तेवढ्या पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक भरून घेतलेलं, लग्नाचा दाखला. प्रत्येकाच्या दोन प्रती. अर्जाची एक प्रत तुझ्याकडे राहील, तिच्यावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. संध्याकाळी माझ्याकडे ये, ते पत्र घेऊन. भाकरी इथेच खा, मी मच्छी आणून ठेवते, आणि कंपनीला लिहायचं पत्र आपण दोघी मिळून लिहू.